पाठमोरा इसिद्रो

संत इसिद्रोला भिंतीकडे तोंड करून उभा केला लिबोरिओ लुसेरोने, आणि पुन्हा सरळ करायला विसरलाही तोच. अरोयो मान्सो गावात पाऊस लांबला की शेतकऱ्यांच्या या लाकडी संताला बैलजोडीसकट भिंतीकडे वळवतात. पाटाला पाणी आलं की माफी मागून सरळ करतात आणि कबूल केलेलं काहीतरी देतात. लिबोरिओ एरवी शाळेची बस चालवतो. त्या वर्षी चर्चची किल्ली सांभाळायची पाळी त्याची होती. त्याने नवी गवती टोपी कबूल केली. जुलैत पाट भरून वाहिला, लिबोरिओ आपल्या मिरच्यांना पाणी देण्यात गुंतला, आणि संत बिचारा कोपऱ्यात भिंत बघत राहिला.

नेमके तेव्हाच बोस्टनचे कादंबरीकार एल्ड्रिज पेल उगवले. गळ्यात निळ्या खड्यांची माळ, पायात कालच घेतलेले बूट.

"हा पाठमोरा का?" त्यांनी विचारलं.

'विसरलो' म्हणायला लिबोरिओची जीभ रेटेना. शिवाय ती माळ बघून थोडी चेष्टाही सुचली असावी.

"आपणहून वळला," तो म्हणाला.

या दोन शब्दांवर साहेबांनी चारशे पानं उभी केली. पराचा कावळा आपल्याकडेही होतो, पण तो निदान उडून जातो. हा आठ महिन्यांत छापून आला. त्यात स्पॅनिश शिपाई, रक्ताने लाल झालेला पाट, आणि पूर्वजांचं पाप न बघवून पाठ फिरवणारा संत. शिवाय प्वेब्लोतली, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या वस्तीतली, एक मुकी मुलगी, लिबोरिओची पणजी म्हणे, जी चांदण्यात तरंगते. लिबोरिओची खरी पणजी नदीपलीकडच्या प्वेब्लोतलीच. तिने अकरा पोरं वाढवली, सासूला पुरून उरली आणि नव्वदीत गेली. मुकी तर ती झोपेतही नव्हती. दोन संस्कृतींची टक्कर म्हणे. ती इथे रोज स्वयंपाकघरात होते, आणि भांडी वाजतात.

साहेब अधूनमधून टिपणं घ्यायला येत, मग वाचक येऊ लागले. थाप उघडी पडेल म्हणून लिबोरिओने संताला तसाच ठेवला. तेवढ्यात मे आला. संताला शेतांवरून मिरवायचा सण तोंडावर, आणि डोंगरावर यंदा वितळून पाटात यायला बर्फच नव्हतं. पाट ठणठणीत कोरडा. मिरचीची रोपं माना टाकायला लागली.

"आता त्याला शिक्षा कशी करणार?" कासिल्दा आत्याने लिबोरिओला दारातच गाठलं. "तो आधीच शिक्षेत."

"आत्या, लोक लांबून बघायला येतात त्याला."

"पाठ बघायला? पाठ माझ्या गाढवालाही आहे. अरे, तुरुंगातसुद्धा सुटकेची तारीख लिहून ठेवतात, मेल्या. पाठमोरा काढलास तर त्याच्यामागून चालणार कोण? मी तर नाही."

आत्या नाही म्हणजे गाव नाही. मिरवणूक नाही तर पाण्याची आशाही नाही. लिबोरिओने दोन रात्री मिरच्यांकडे बघून काढल्या.

सणाच्या सकाळी पेलसाहेब दहा वाचक घेऊन हजर. लिबोरिओने टोपी काढली आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "साहेब, तो वळला नव्हता. मी वळवला. पाणी आल्यावर सोडवायचा विसरलो, आणि तुम्हाला थाप मारली."

साहेबांनी डोळे मिटून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "किती शतकांचं ओझं दाबून ठेवलंय तुम्ही लोकांनी."

वाचकांनी ते वह्यांत उतरवून घेतलं. एका बाईंनी डोळे पुसले.

"ओझं ते तिथे आहे, बैलांसकट," आत्या म्हणाली. "धरा एक बाजू."

साहेबांनी बाजू धरली नाही. त्यांची कंबर नाजूक. लिबोरिओने आणि आत्याने मिळून संताला वळवला. नाकापासून बैलाच्या शिंगापर्यंत कोळिष्टक, आणि जुन्या टोपीची कड उंदरांनी कुरतडून नेलेली.

"रडतोय तो," एक वाचक कुजबुजला.

"रोगण आहे ते," आत्या म्हणाली, आणि पदर नसल्याने बाहीनेच संताचं तोंड पुसलं.

"फोटोपुरता जरा पुन्हा वळवाल का?" साहेबांनी विचारलं. "पुढच्या कादंबरीच्या मुखपृष्ठासाठी."

तोवर संत दाराबाहेर पडला होता. सगळं गाव मागून चाललं, कोरड्या पाटाच्या काठाकाठाने.

"आणि कबूल केलेली टोपी?" चालता चालता आत्याने विचारलं.

"पुढच्या आठवड्यात."

मेअखेर पाटाला बोटभर पाणी आलं. मिरच्या जगल्या. इसिद्रो गावाकडे तोंड करून उभा आहे, डोक्यावर तीच कुरतडलेली टोपी.