मांडीवरची मनी

बहिणीकडून आठवड्याने परतले आणि मनीला आणायला शेजारच्या सुमनताईंकडे गेले. त्या जमिनीवर मांडी घालून मेथी निवडत होत्या आणि त्यांच्या मांडीत माझी मांजर निवांत घुरघुरत होती. मला पाहून तिने एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

"अहो, हिला मांडीशिवाय करमतच नाही! तुमच्याकडेही अशीच लाडावलेली का?"

"हो, थोडीशी," मी म्हणाले. वास्तविक ती माझ्या मांडीवर कधीच बसली नव्हती. माझे जेवण, वाचन, भाजी निवडणेदेखील खुर्चीवर बसून चालते. तिचे दूध आणि औषध मी कधी चुकवले नाही; पण प्रेमाला टेकायला जागाही लागते, हे त्या मेथीच्या पसाऱ्यापाशी उभे असताना जाणवले. जाणवले, तरी मत्सर काही ओसरला नाही.

मनीला मी जवळजवळ ओढूनच उचलले.

"पुन्हा जाल तेव्हा निःसंकोच ठेवा हं!" सुमनताई म्हणाल्या.

"आता मी कुठेच जाणार नाही." माझा आवाज अकारण चढला होता. मनी माझ्या खांद्यावरून त्यांच्याकडेच बघत होती.