शिंगाळ्याचा काटा

उलव्याला राहायला आल्यापासून आमच्या ह्यांना एकच नाद. रविवारी सकाळी खाडीवर जायचं आणि होडीतून उतरलेली जिवंत मासळी आणायची. साफही स्वतःच करणार, मी केलेली पसंत नाही! त्या रविवारी शिंगाळा साफ करताना त्याचा काटा ह्यांच्या उजव्या अंगठ्यात घुसला.

"डॉक्टरकडे चला," मी म्हटलं. ह्यांना शुगर, म्हणून मला धास्ती. तर म्हणे, "रत्नागिरीचा माणूस शिंगाळ्याच्या काट्यासाठी डॉक्टरकडे गेला, तर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही." हळद-चुना गरम करून हातभर थापला आणि कालवण ओरपून झोपले. शिंगाळ्याचा काटा ठणकतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे ठणका वाढला तरी कुणाला नवल वाटेना. दीर फोनवर म्हणाले, "सकाळपर्यंत उतरेल, वैनी. टेन्शन नका घेऊ." मेलं ते ठाऊक असणंच नडलं.

सकाळी ह्यांचं अंग भट्टीसारखं तापलेलं. वाशीच्या हॉस्पिटलात लेप धुतला, तर खाली कातडी काळीजांभळी आणि फोडच फोड. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खाडीच्या पाण्यातला जंतू आहे, फार जहाल, मांस नासवत वर चढतो. सलाईनमधून औषधं सुरू केली. लालीच्या कडेने पेनाने रेघ मारली आणि मला म्हणाल्या, "लाली ह्याच्या वर गेली तर लगेच हाक मारा."

मला तेवढंच काम. बसले बघत. डोळ्यांदेखत लाली रेघ ओलांडून गेली हो! हाक मारली. दुसरी रेघ कोपराच्या वर मारली, तीही गेली. नवस बोलले, शिव्या घातल्या. त्या मेल्या जंतूला कुठे कान होते? असं नुसतं बघत बसणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

"जीव वाचवायचा तर हात खांद्यापासून काढावा लागेल," बाई म्हणाल्या. हे शुद्धीवर होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "मग जेवायचं कसं?"

"मी भरवीन."

"मासेपण? काटे काढून?"

"काटे काढून. आता गप्प पडा बघू."

जरासे हसले. "न्या म्हणावं."

आत नेलं. मी बाहेर बाकावर. डाव्या हाताने शर्टाची बटणं कशी लावतील, ह्याचाच विचार करत होते. तेवढ्यात दार उघडून बाई बाहेर आल्या. एवढ्या लवकर हात काढून होत नाही, हे मलाही कळत होतं.