गोठ्यामागचे कळक

ओला कळक तोडल्याचा वास आला की पळसदरीचं आमचं परसदार आठवतं. रेशनच्या दिवसांत तिथलं कळकाचं बेट फुललं. बी धरलं की बेट मरतं, हे ठाऊक असूनही आईने त्याखालची जमीन खळ्यासारखी सारवली आणि पडलेला दाणा न् दाणा भातासाठी झाडून नेला. शेजारची म्हातारी म्हणाली, “चार दाणे मातीला ठेव गं.” आई म्हणाली, “पोरांच्या पोटाला नाय, मातीला कुठून ठेवू?” माझ्या हातून गोठ्यामागे मूठभर दाणे सांडले, तेव्हा तिने मला थोबाडीत दिली. पावसाळ्यात सारवलेल्या जागी काहीच उगवलं नाही. कोंब फुटले ते गोठ्यामागे. पुढे कित्येक वर्षांनी आई गेली. तिरडीला कळक तिथलेच तोडले, तेव्हा माझा हात गालावर गेला.