रबराची तलवार

मोगाकाला सकाळी जाग यायची ती वासाने. गोंदाच्या डब्याचं झाकण निघालं की नैरोबीच्या उमोजा वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत असा उग्र दर्प सुटायचा की चहाला गोंद, मक्याच्या उगालीला गोंद, उशीलासुद्धा गोंद. त्याच्या छातीचं दुखणं बघून गेसारे डबा गॅलरीत नेऊन उघडायची, तरी वास उंबरा ओलांडून आत यायचाच.

"काय मेलंय तिथे?" तो पांघरुणातूनच ओरडायचा.

"कोणी नाही, ताता. ढाल चिकटवतेय," लेक बाहेरून म्हणायची.

ढाल म्हणे. गिकोंबाच्या बाजारातून जुन्या रबरी चटया आणायच्या, तुटक्या चपलांचे तळवे आणायचे, चाकूने कापायचे, गरम वाऱ्याच्या यंत्राने वाकवायचे, एकाला एक डकवायचे आणि त्याला ढाल म्हणायचं, कुऱ्हाड म्हणायचं. मग सोंगं काढणारी, निळ्या केसांची, कानात चमचाभर लोखंड अडकवलेली पोरं येऊन ती कुऱ्हाड खांद्यावर टाकून जिना उतरायची. दर खेपेला मोगाका भिंतीकडे तोंड करायचा. त्याला त्या सगळ्याची शिसारी होती, आणि ती लपवायची त्याला गरज वाटत नव्हती.

गेसारेला मात्र त्याच्या तोंडून एकच शब्द हवा होता. ती आपल्या उद्योगाला काम म्हणायची. तो खेळ म्हणायचा. "झाला का खेळ? मग चूल पेटव." एवढ्या एका शब्दावरून बापलेकीचं दिवसातून दोनदा वाजायचं.

मोगाका ताबाका गावचा. तिथल्या, किसीच्या डोंगरातला मऊ दगड त्याने जन्मभर कोरला. खाणीतून दगड पाठीवर आणायचा, कोयत्याने तासायचा, मग बारीक चाकू. पाणघोडे, हत्ती, बुद्धिबळातले राजे. कोरणं पुरुषांचं, घासणं बायकांचं. त्याची बायको क्वांबोका घमेल्यात पाणी घेऊन बसायची आणि पाण्याखाली पॉलिश कागदाने घासत राहायची. आधी खरखरीत कागद, मग मऊ, मग त्याहून मऊ. वस्तू हातातून साबणासारखी निसटायला लागली की म्हणायची, "घ्या, झाली." क्वांबोका गेली. मग दगडाची भुकटी मोगाकाच्या छातीत बसली, डॉक्टरने दगडाचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं आणि गेसारे त्याला नैरोबीला घेऊन आली. तेव्हापासून त्याचे हात मांडीवर पडलेले असायचे.

"नव्या वस्तूला गंज लावतेस?" एकदा त्याने विचारलं. ती एका कुऱ्हाडीवर स्पंजने तपकिरी ठिपके मारत होती. "अगं, लोक जन्मभर गंज घासून काढतात."

"खरी दिसायला लावते."

"खोट्या कुऱ्हाडीला खोटा गंज! थू!"

"आणि तुम्ही पाणघोडे कोरलेत ते खरे होते का? ताबाकात पाणघोडा कधी आला होता? तुम्ही तरी पाहिलाय का जन्मात एक?"

मोगाका म्हणाला, "तो जड होता." त्याच्या लेखी वाद तिथे संपला. हातात घेतल्यावर हात खाली जात नाही ती कसली वस्तू!

गावाकडून मित्राचा, ओंडिएकीचा फोन यायचा. लेक काय करते, असं त्याने एकदा विचारलं. रबराच्या तलवारी करते, हे सांगायचं कसं? "चपलांच्या कारखान्यात आहे," मोगाका म्हणाला. रबर तर रबर, अगदीच खोटं नव्हे. पडद्याआड गेसारे चहा गाळत होती. तिने ऐकलं आणि कप आणून ठेवला.

आजवर ती दुसऱ्यांसाठीच करायची. यंदा प्रथमच तिने स्वतःसाठी तलवार केली होती. शनिवारी शहरातल्या मोठ्या सभागृहात सोंगांचा मेळा होता आणि ती स्वतः मंचावर जाणार होती, आपल्याच डोक्यातून काढलेल्या एका राणीच्या वेशात. तलवार तिच्या छातीपर्यंत येईल एवढी, पातं केळीच्या पानासारखं रुंद. तिने बापाला म्हटलं होतं, "ताता, तुम्ही या. नुसतं बसा." त्यावर तो म्हणाला होता, "पोरांचा खेळ बघायला मी कशाला?"

शुक्रवारी दुपारी पात्यावर शेवटचा थर देऊन ती झग्याची झालर आणायला बाजारात गेली. पांढऱ्या गोंदात तांब्याचा रंग कालवून तिने थरावर थर चढवले होते, म्हणजे रबराची छिद्रं बुजतात. "वाळतेय. हात लावू नका," एवढं सांगून गेली.

मोगाकाने काही वेळ हात लावला नाही. मग गॅलरीत जाऊन उन्हात उभी केलेली ती तलवार बघितली. मग अंगठा फिरवला. अंगठ्याखाली कुंचल्याचे ओरखडे लागत होते, कुठे गोंदाची पुटकुळी, कुठे केस चिकटलेला. असली खरबरीत वस्तू क्वांबोकाने दाराबाहेर जाऊ दिली नसती. हे घेऊन पोरगी चारचौघांत उभी राहणार? लोक म्हणतील, ताबाकाची म्हणे ही!

त्याचे हात शिवशिवले. न्हाणीतलं कपड्यांचं घमेलं त्याने भरून आणलं, तिच्या डब्यातून घासायचा कागद काढला, पातं पाण्यात टेकवलं आणि क्वांबोका बसायची तसा मांडी घालून बसला. किती दिवसांनी हात ओले झाले होते. पहिले काही हात छान गेले. पुटकुळी गेली, केस गेला, पातं गुळगुळीत लागायला लागलं. खोकलासुद्धा थांबल्यासारखा झाला. मग पाणी दुधासारखं पांढरं झालं.

त्याने जोर लावला. दगड जोर लावला की ऐकतो. तसा तांब्याचा रंग सायीसारखा सुटून त्याच्या बोटांना गुंडाळला गेला. त्याने घाईने फडक्याने टिपलं, तर फडक्याबरोबर आणखी हातभर साल निघाली. आणि सालीखालून वर आलं ते एक बदक. कुण्या लहान मुलाच्या चटईवरचं, पिवळं, हसरं, लाल चोचीचं. ते बदक राणीच्या तलवारीच्या मधोमध बसून त्याच्याकडे बघत होतं.

मोगाकाला त्या बदकाची जेवढी किळस आली, त्याहून जास्त आपल्या हातांची आली. चिकट, पांढरे, मेल्यासारखे हात. त्याने ते लुंगीला पुसले. आता लुंगीही चिकट झाली.

गेसारे आली तेव्हा तो घमेल्यापाशीच होता. तिने पिशवी खाली ठेवली. पांढऱ्या पाण्यात बोट बुडवलं.

"पाण्यात? हा गोंद पाण्यात विरघळतो, ताता."

"घासायला घेतली होती. खरबरीत होती." मग तो म्हणाला, "चुकलं माझं."

"कशाचं चुकलं?" ती म्हणाली. "खेळच तर होता. खेळ मोडला तर कोणी माफी मागतं का? आणि आम्ही चपलावाले. एक चप्पल तुटली, दुसरी करू."

म्हणजे तिने फोनवरचं ऐकलं होतं. मोगाकाची मान खाली गेली. हिने आपल्याला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

तिने शिव्या घातल्या नाहीत. डोळे पुसले, पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली, पात्याची सगळी साल ओरबाडून काढली आणि यंत्राने पातं कोरडं केलं. त्यावर नवं रबर डकवायचं ठरलं. चटई पसरून ती कापायला बसली. मोगाका तिच्या शेजारी येऊन बसला.

"चाकू दे एक."

"तुमचा दगडाचा हात आहे. जोर लावाल."

"दे म्हणतो ना!"

त्याने जोर लावलाच. रबर दबलं, बाजूला सरकलं आणि काप उंदराने कुरतडल्यासारखा गेला. "हे काय आहे? दाबलं की पळतं! दगडाला निदान लाज असते!" दुसराही तुकडा वाया गेला. मग त्याच्या लक्षात आलं की चाकूच्या पातीला धारच नाही. या रबरावर चाकू भराभर बोथट होतो. त्याने चहाचा कप उपडा घातला आणि बुडाच्या खरखरीत कडेवर पाती घासायला घेतली. एक धारेची तिला द्यायची, बोथट झालेली परत घ्यायची. ती न बघता हात पुढे करायची. ती न बघता घ्यायची तेव्हा त्याला बरं वाटायचं, आणि वासाने पुन्हा मळमळायचं.

"गोंद दोन्ही बाजूंना लावायचा," ती म्हणाली, "आणि थांबायचं. बोटाला चिकटेनासा झाला की मग एकदाच दाबायचं. वाकडं बसलं तर सुटत नाही."

दोघांनी गोंद लावला आणि दोघं थांबली. तेवढ्यात फोन वाजला. ओंडिएकी.

"काय रे, झोपलास का?"

"नाही रे. गोंदात बसलोय."

"कसल्या गोंदात? लेकीने कारखान्यात लावलं का काय तुला?"

मोगाकाने गेसारेकडे पाहिलं. ती पात्यावर वाकलेली होती, मान वर करत नव्हती.

"कारखाना नाही रे, मी खोटं बोललो. तलवारी करते ती. रबराच्या. सोंगांच्या. हाताला चिकटतं, नाकात जातं, डोकं धरतं. घाण काम आहे, सांगतो तुला. ठेव आता, वेळ नाही मला."

त्याने फोन खाली ठेवला. गेसारेचा हात थांबला होता.

"काय म्हणालात?"

"घाण म्हणालो."

"त्याच्या पुढचा शब्द."

मोगाकाने एक बोट गोंदावर टेकवलं, उचलून पाहिलं. चिकटलं नाही.

"वाळलाय," तो म्हणाला. "धर ते टोक. आणि सरळ धर, एकदाच बसतं म्हणालीस ना."