नावगावासकट साक्ष

जालन्यात आमच्या चर्चमध्ये तातेराव सरोदे यांना सगळे कंपोझिटर काका म्हणतात. १९८१ साली ते एका छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायला लागले तेव्हा वीस वर्षांचे होते. लग्नपत्रिका, पावत्या, निवडणुकीची पत्रकं असं काम चालायचं. कापून उरलेल्या कागदाच्या पट्ट्यांवर, मालकाला विचारून, ते बायबलमधली वचनं छापत आणि रविवारी एस.टी. स्टँडवर वाटत. कोणी म्हणालं, "काका, लोक त्यात शेंगदाणे बांधतात," तर म्हणायचे, "बांधू द्या की. पुडी सोडली की वाचतील."

पुढे ते टपालाने बायबलचे धडे पाठवू लागले. खेड्यापाड्यांतून उत्तरं यायची. प्रत्येक पोस्टकार्डाला ते स्वतःच्या हाताने उत्तर लिहायचे. ऑफसेटची छपाई आली तेव्हा छापखान्यातलं काम गेलं आणि ते एका शाळेवर रखवालदार झाले, पण पोस्टकार्डं चालूच राहिली.

माझा टायपिंगचा क्लास आहे. २००७ मध्ये मी दोन कॉम्प्युटर घेतले आणि इंटरनेट जोडून घेतलं. आठवड्याभरात काका दारात उभे.

"ताई, हे इंटरनेट म्हणजे छापखाना आहे का पोस्ट हापिस?"

"दोन्ही," मी म्हणाले.

"मंग माझ्याच कामाचं है की."

मी त्यांना इतरांची ख्रिस्ती पानं दाखवली. बहुतेक सगळी प्रवचनं होती. काकांना ती आवडली नाहीत. म्हणाले, "कोणी पाव्हण्यासमोर बोलून राह्यल्यासारखं वाटतं. आपण आपल्या माणसांच्या साक्षी टाकू. ते बोलतात तशाच."

साक्ष म्हणजे उपासनेत एखादा उभा राहतो आणि देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगतो. आमच्याकडे त्याची एक रीत आहे. आधी आपलं नाव, मग गाव, मग हकीकत. कोणी नाव सांगायचं विसरलं तर मागच्या बाकावरून आवाज येतो, "कोण, कुठले, ते सांगा आधी." मी इंटरनेटवर आमचं एक पान उघडून दिलं आणि काकांनी तीच रीत त्यावर ठेवली. दर शनिवारी ते वही घेऊन यायचे, मी टाइप करायचे, आणि माणसाचा फोटो वर लागायचा. शहागडचा ट्रक ड्रायव्हर अप्पाराव, ज्याचे ब्रेक गोदावरीच्या पुलावर गेले होते. दळताना येशूच्या ओव्या म्हणणारी एक म्हातारी. तिचा आवाज आम्ही मोबाईलवर घेऊन टाकला. वर्षभरात पुण्याहून, शारजाहून लोक लिहायला लागले. शारजातली एक नर्स ड्युटीवर जाण्याआधी रोज पान उघडायची. कोणी प्रार्थना मागितली की काका आधी डोळे मिटून प्रार्थना करायचे आणि मग दोन बोटांनी उत्तर टाइप करायचे. मी करून देते म्हटलं तर ऐकत नसत.

जानेवारी २००८ मध्ये त्यांनी टेंभुर्णीच्या गोपिकाबाईंची साक्ष आणली. गोपिकाबाई मेंढपाळाच्या घरातल्या. बाप्तिस्मा घेतलेला नाही, कपाळावर कुंकू ठसठशीत. शेजारणीबरोबर घरगुती प्रार्थनेला यायच्या. मुलगी बेबीनंदा झाली तेव्हा त्यांचं डोकं फिरलं होतं. एका दुपारी तान्ह्या पोरीला विहिरीच्या काठावर ठेवून त्या पायऱ्या उतरल्या होत्या. पोर रडली म्हणून परत वर आल्या. पुढची चार वर्षं औषधं चालली. त्या काळात ती शेजारीण रोज येऊन त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. पंधरा वर्षं झाली, त्या धडधाकट आहेत.

टाइप करता करता मी थांबले. "काका, हिचं नाव ठेवायचं का? बाकीचे आपले आहेत. ही…"

"नाव काढलं तर नुसती गोष्ट झाली, ताई. गोष्ट कोणीपण रचतं. अन् मी इचारलंय तिला."

विचारलं होतं, हे खरं. चर्चच्या मासिकासारखंच, फक्त मोठं, असं समजावलं होतं. त्या हसून म्हणाल्या होत्या, "टाका की. माझा फोटू कोण बघून राह्यलं!"

बेबीनंदाचं लग्न आदल्या वर्षी घनसावंगीजवळच्या एका गावात झालं होतं. हे मला ठाऊक होतं. माझीही मुलगी तिच्याच वयाची. तरीही मी टाइप केलं.

ऑगस्टमध्ये गोपिकाबाई एकट्या बसने जालन्याला आल्या. काका क्लासमध्येच होते. पदराखालून त्यांनी घडी घातलेला कागद काढला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण वर त्यांचाच फोटो होता.

"भाऊ, हे पुण्याला कसं गेलं?"

काकांनी कागद हातात घेतला. आमच्याच पानाची छापील प्रत होती.

बेबीनंदाचा दीर पुण्यात नोकरीला होता. ऑफिसात कोणीतरी त्याला पान दाखवलं: तुमच्या भावाच्या सासुरवाडीचं गाव हेच ना? त्याने कागद छापून घरी आणला. पाचवा महिना असलेल्या बेबीनंदाला त्याच दिवशी माहेरी आणून घातलं. गावात झेरॉक्स फिरल्या.

"पोरगी जेवत न्हाई," गोपिकाबाई म्हणाल्या. "मला म्हणती, आई, तू मला हिरीवर ठेवलं होतं का? मी तिला आजवर सांगितलं नव्हतं, भाऊ."

काकांनी पान तिथल्या तिथे उतरवायला लावलं. पण कागद काही उतरणार नव्हता. चार दिवसांनी ते बेबीनंदाच्या सासरी निघाले आणि मी सोबत गेले. घनसावंगीपर्यंत काळी-पिवळी जीप, पुढे उसाच्या कडेने पायी.

सासरे बिरूआप्पा ओट्यावरच होते. "या. पाणी देऊ का, का तेबी इंटरनेटवर टाकसाल?"

काका हात जोडून उभे राहिले. "आप्पा, चूक माझी है. पोरीची न्हाई."

सासू बायनाबाई दारातून बोलल्या. "लग्न ठरवताना इहीणबाईनं तोंड उघडलं न्हाई. साऱ्या जगाला सांगितलं, फक्त आमाला सोडून. उद्या हिला पोर झालं अन् हीबी हिरीवर गेली तर?"

"गोपिकाबाई आता बिलकुल बऱ्या हायत."

"बऱ्या झाल्या म्हणजे येड्या होत्या, हे बराबर ना?"

काका खोटं बोलत नाहीत हे मला ठाऊक होतं, आणि त्या क्षणी मला त्याचा राग आला.

दीर सुट्टी घेऊन आला होता. तो शांतपणे म्हणाला, "काका, एकच करा. जिथं टाकलं तिथंच टाका, की हे सगळं तुम्ही मनाने रचलं. तुमच्या फोटोसकट. आम्ही तिला दुसऱ्या दिवशी घेऊन येतो."

"मी माफी लिहितो. पाहिजे तेवढी."

"माफी म्हणजे खरं होतं असं झालं."

बिरूआप्पा म्हणाले, "त्या बाईनं पोरीसाठी काय केलं ते वाचलं आमी. तुमी काय करता ते बघू."

परतीच्या जीपमध्ये काका शेवटच्या सीटवर गुडघे जुळवून बसले होते. अंबड मागे पडल्यावर म्हणाले, "सत्तावीस वर्षं झाली, ताई. एक शब्द मनाचा घातला न्हाई मी."

"माझी मुलगी अशी घरी येऊन बसली असती तर मी तुमच्या पायाशी बसले असते," मी म्हणाले. "लिहा, काका."

"तुमी टाइप कराल?"

"करीन."

"खोटं है ते."

"माहीत आहे."

त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. गोपिकाबाई कधीही आजारी नव्हत्या. त्या प्रार्थनेला कधी आल्या नाहीत. ही साक्ष मी, तातेराव सरोदे, याने स्वतः रचून त्यांच्या नावाने छापली. फोटो काढताना मी नकळत म्हणाले, सरळ बघा. त्यांनी सरळ बघितलं.

दिराने शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी बेबीनंदाला घेऊन गेले.

मग इकडचं सुरू झालं. शारजाच्या नर्सने लिहिलं, "काका, मग बाकीच्या साक्षीपण तुम्हीच लिहिल्या का?" काकांनी उत्तर दिलं नाही. अप्पाराव ड्रायव्हर ट्रक बाहेर लावून तरातरा आत आला. "लोक मला हसून राह्यलेत, काका! म्हणतात ब्रेक बी त्यानंच रचले का? काढा माझं नाव." एकेकाने तेच सांगितलं. एकेक साक्ष आम्ही उतरवली. म्हातारीच्या ओव्यापण गेल्या. चर्चच्या कमिटीने काकांना बोलावलं. खरं काय ते आम्हाला तरी सांगा, म्हणाले. कमिटीत बोललेलं संध्याकाळपर्यंत टेंभुर्णीला पोहोचतं, तिथून बेबीनंदाच्या सासरी. काका म्हणाले, "लिहिलंय तेच." तेव्हापासून त्यांना उपासनेत बोलायला उभं करत नाहीत. मला कोणी काही विचारलं नाही. मीही आपण होऊन सांगितलं नाही.

बेबीनंदाला मुलगी झाली. बाळंतपण सासरीच केलं. विहिरीकडे जाताना तिच्यासोबत कोणीतरी असतं, असं ऐकते. गोपिकाबाईंना बारशाला बोलावलं, पण बाळ त्यांच्या मांडीवर दिलं नाही.

त्या मला एकदा जालन्याच्या स्टँडवर भेटल्या. प्रार्थनेला त्या आता येत नाहीत, कशा येणार? म्हणाल्या, "ताई, त्या कागदात लिहिलंय म्हणं की मी येडी कधी झालेच न्हाई अन् तिथं कधी आलेच न्हाई. मंग ती चार वर्षं कोणाची होती?" त्यांची बस लागली. मी त्यांची पिशवी वर चढवून दिली.

आता त्या पानावर काकांचा तेवढा मजकूर उरला आहे. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, काढून टाका, मंडळीची बदनामी होते. पण बेबीनंदाचा दीर अधूनमधून उघडून बघतो, हे काकांना ठाऊक आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते क्लासमध्ये येतात. "है का अजून?" विचारतात. मी उघडून दाखवते. ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतात आणि जातात.

मागच्या शनिवारी मी म्हणाले, "काका, बेबीची पोर वर्षाची झाली. सगळं निवलंय. काढू या का?"

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"त्या पोरीचं लग्न होऊ द्या," म्हणाले. "मंग काढा."