मोरेश्वरभाऊंचा अंगठा

क्यू घेऊन आलेल्या माणसाने तोंड उघडलं, की मोरेश्वरभाऊ तळहात वर करत. "थांबा. आधी त्याला बोलू द्या." 'त्याला' म्हणजे क्यूला. पूल किंवा बिलियर्ड्स खेळताना चेंडू ज्याने मारतात, तो हा क्यू. आलेला माणूस गोंधळून गप्प होई. आजोबांना हा कुणी भेट दिला, कुठल्या स्पर्धेत खेळला गेला, हे सगळं तो वाटेत घोकून आलेला असे. भाऊ ते ऐकूनच घेत नसत. क्यू कापडातून काढत, एक डोळा मिटून तो सरळ आहे का पाहत, बुडाचा वास घेत, आणि मग उजव्या हाताचा अंगठा त्याच्यावरून सावकाश नेत. हे होईपर्यंत पाहुण्याला चहा नाही, खुर्ची नाही. कुणी चुकून 'काठी' म्हणालं तर मान वर न करता म्हणत, "काठी म्हशीला. हा क्यू आहे."

भाऊ जाऊन चार महिने झाले. त्यांच्याबद्दल लिहायचं ठरवून मी रोज बसते आणि रोज दोन-चार ओळी होतात. रडू आलेलं नाही. दात काढल्यावर काही वेळ गाल आपला वाटत नाही, तसं काहीसं आहे. तो हाताला लागतो, पण आपला नसतो.

नालासोपाऱ्याहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यावर भाऊंची वाडी आहे. केळी, मोगरा, लिंबं. शेजारची वाडी विकली गेली आणि तिथे इमारत उभी राहिली. त्या इमारतीत मी राहते. एका शाळेच्या ग्रंथालयात नोकरी करून मी निवृत्त झाले. भाऊ मुंबईतल्या एका जुन्या क्लबात मार्कर होते. बिलियर्ड्सच्या टेबलाशी उभं राहून गुण सांगायचे आणि मेंबरांचे क्यू दुरुस्त करायचे, हे मार्करचं काम. आयुष्यभर दुसऱ्यांचे क्यू हातात धरल्यामुळे कोणता खरा, कोणता जुळवलेला, हे त्यांना कळायला लागलं. निवृत्तीनंतर लोक क्यू घेऊन वाडीवर यायला लागले. वारलेल्या मेंबरांच्या सुना, जुन्या वस्तू गोळा करणारे, नालासोपाऱ्यातले पूल पार्लरवाले. भाऊ क्यूची किंमत ठरवत आणि तसा दाखला देत. संग्राहक त्या दाखल्यावर व्यवहार करत.

दाखला लिहायला त्यांना कुणीतरी हवं होतं. एक दिवस ते माझ्या दारात आले. "बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणे. माझं डॉक्टरसारखं आहे, फक्त शिक्षण तेवढं नाही." तेव्हापासून मी त्यांच्या ओट्यावर बसून लिहायला लागले. ते सांगत, मी लिहीत असे. एकदा मी आपल्या मनाने 'अमूल्य' असा शब्द घातला. त्यांनी तो खोडायला लावला. "अमूल्य म्हणजे किंमत काढायचा कंटाळा. लिहा, बूड आबनुसाच्या लाकडाचं, जोड हाताने केलेला, टोकाला केसभर वाक."

किंमत कशावर ठरते, हे मला हळूहळू कळलं. कारागीर कोण, लाकूड कोणतं, सगळे भाग मूळचे आहेत का, हे तर आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, त्याला नंतर कुणी नवा करायचा प्रयत्न केलाय का. जुना, मळलेला, हाताच्या घामाने काळवंडलेला क्यू महाग. तोच घासून पॉलिश केला की किंमत पडली. "फार चकाकतोय," भाऊ म्हणत, "म्हणजे कुणीतरी याची लाज वाटून घेतली."

एकदा एक गृहस्थ गाडी घेऊन आले. त्यांच्या क्यूच्या बुडाला एका जुन्या विजेत्याच्या नावाचा बिल्ला होता. भाऊंनी वास घेतला, बिल्ल्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि क्यू परत कापडात गुंडाळला.

"बिल्ला खरा आहे."

गृहस्थ खूश झाले.

"क्यू पण खरा आहे. दोघांचं लग्न मात्र मागच्या महिन्यात लागलंय. डिंक अजून ओला आहे."

गृहस्थ चिडले. "तुम्ही मला एक प्रश्न तरी विचारलात का?"

"माणसाला विचारलं की तो आठवून सांगतो," भाऊ म्हणाले. "आणि आठवताना थोडं बरं करून सांगतो. तुम्हीच नाही, मीही."

मालकाला कधीच काही विचारायचं नाही, हा त्यांचा नियम होता. त्यांची नजर मोतीबिंदूने मंदावली होती आणि ते हे लपवतही नसत. "अंगठा आहे ना," म्हणत. अमेरिकन पूल क्यूची परीक्षा तर सगळी अंगठ्याचीच. तो मध्यभागी पेचाने जोडलेला असतो आणि सांध्याला स्टीलची कडी असते. नवा असताना लाकूड आणि कडी अगदी एका पातळीत. कुणी पॉलिश पेपरने घासला तर लाकूड झिजतं, स्टील झिजत नाही. तिथे एक पायरी तयार होते. डोळ्यांना ती दिसत नाही. लाकडावरून कडीवर जाताना अंगठा अडतो, तेवढंच.

भुईगावच्या सिसिलियाने तिच्या वडिलांचा क्यू आणला, तो असाच अमेरिकन होता. वडील, इनास, जहाजावर खलाशी होते. कुठल्याशा बंदरात त्यांनी तो घेतला होता. ते गेल्यावर क्यू कपाटावर पडून होता. सिसिलिया पन्नाशीची, मोठ्या आवाजाची बाई. ती ओट्यावर पाय ठेवताच बोलायला लागली, "भाऊ, हा ना, पप्पा शिप सोडून आले तेव्हा—" आणि भाऊंनी तळहात वर केला.

मेपलचं लाकूड, बुडाशी रंगीत पट्ट्यांची चार टोकं, मुठीवर लिननचा दोरा. भाऊ बराच वेळ त्याच्यावरून अंगठा नेत राहिले. मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं : सर्व भाग मूळचे, पॉलिश मूळचं, घासलेला नाही. त्यांनी सांगितलेली किंमत ऐकून सिसिलिया खाली बसली. पावसाआधी स्वयंपाकघरावरचे पत्रे बदलायचे, एवढंच तिच्या मनात होतं. भाऊंनीच मुंबईतल्या एका संग्राहकाला कळवलं. पुढच्या रविवारी तो येणार होता.

त्यानंतर पाच-सहा दिवसांनी सकाळी भाऊ वाडीतून लिंबं काढून आले. मी दुसरा एक दाखला लिहीत होते. त्यांनी वाकून कागद दाबून धरला आणि कागदावर लाल ठिपका उमटला.

"भाऊ, रक्त."

ते माझ्या हाताकडे बघायला लागले. मी त्यांच्या उजव्या अंगठ्याकडे बोट केलं. लिंबाचा काटा अर्धा आत होता. त्यांनी तो ओढून काढला. चेहऱ्यावर काही हललं नाही. मग डाव्या हाताच्या नखाने त्यांनी तो अंगठा दाबला, नख रुतेपर्यंत.

"बाई, किती दाबलंय मी?"

"खूप."

"मला लागत नाही."

साखरेचा आजार जुना होता. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की, बोटं अशी बधिर होणं एका दिवसात होत नाही, महिने लागतात. पण त्या सकाळी भाऊंनी डॉक्टरचं नाव काढलं नाही. काटा दोन बोटांत धरून ते बसून राहिले. मग म्हणाले, "भुईगावचा."

आम्ही रिक्षाने निघालो. वाटेत मी म्हटलं, "भाऊ, दाखला बरोबरही असेल. आणि नसला तरी कोणाला कळणार आहे?"

"शाळेत मुलांना हेच सांगायचात?"

"नाही."

"मग माझ्यापासून का सुरुवात करता?"

सिसिलिया अंगणात वाल सोलत होती. आम्हाला बघून हसली. "या, या. पत्रेवाल्याला मापं देऊन टाकली मी. भाऊ, रविवारी तुम्ही पण या, त्या पार्टीसमोर जरा रुबाब पडेल."

"सिसिल, क्यू आण."

तिने आणला. भाऊंनी अंगठा कडीवर नेला, मागे आणला, पुन्हा नेला. मग क्यू माझ्यासमोर धरला. "बाई, तुम्ही. डोळे मिटा."

मी हात पदराला पुसले आणि डोळे मिटले. आयुष्यभर मी पानं उलटली आहेत. एकाला एक चिकटलेली दोन पानं मला बोटांना कळतात. लाकूड गुळगुळीत होतं. मग कडी आली, आणि तिथे अंगठा अडला, एका पानाची कड लागते तेवढाच.

नाही म्हटलं असतं तर भाऊंनी मानलं असतं. त्यांच्याकडे दुसरा उपाय नव्हता. सिसिलियाला तिचे पत्रे मिळाले असते आणि भाऊंचा अंगठा आणखी काही दिवस शाबूत राहिला असता.

"पायरी आहे," मी म्हटलं.

सिसिलियाला काहीच कळेना. भाऊंनी समजावल्यावर ती सहज म्हणाली, "हो, पॉलिश केलंय ना! पप्पा शिप सोडून आले त्या वर्षी. सणाआधी चर्चच्या बाकांना पॉलिश चाललं होतं. पप्पांनी त्याच सुताराला दिला. म्हणाले, घासून नवा कर, घरात पाहुणे येणार, मळका कसा दाखवायचा?" मग तिचा आवाज बदलला. "हेच सांगत होते मी तुम्हाला. तुम्ही माझ्या तोंडासमोर हात धरलात. विचारलं असतं तर त्याच दिवशी सांगितलं असतं."

भाऊंनी माझ्या हातून क्यू घेऊन तिला परत दिला.

"किती फरक पडेल?"

"अर्ध्याच्याही खाली जाईल."

"आणि हे त्या मुंबईवाल्याला कोण सांगणार? कागद आहे ना तुमचा?"

"म्हणून तर सांगायचं."

"वा!" सिसिलिया म्हणाली. "इमानदारी तुमची, आणि गळणार माझं घर."

भाऊंनी तिच्या अंगणातूनच संग्राहकाला फोन लावला. मोठ्याने बोलले, तिला ऐकू जाईल असं. "दाखला चुकलाय. क्यू घासलेला आहे. नाही, त्या बाईंचा दोष नाही. त्या सांगत होत्या, मी ऐकलं नाही. माझ्या अंगठ्याला आता लागत नाही." शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं, बहुधा पलीकडच्याला पहिल्यांदा नीट कळलं नाही. सिसिलियाने घरातून दाखला आणून दिला. तो माझ्या अक्षरात होता. परतताना रिक्षात तो माझ्या मांडीवर होता आणि कुणाकडे द्यावा ते मला समजत नव्हतं.

संग्राहक त्या रविवारी आला नाही. त्या पावसात सिसिलियाच्या स्वयंपाकघरावर निळी ताडपत्री होती. भाऊंनी पुन्हा दाखला दिला नाही. अंगठा बधिर होत होता त्या महिन्यांतले जे सहा-सात दाखले होते, त्या सगळ्यांच्या मालकांना त्यांनी माझ्याकडून पत्रं लिहवून घेतली : परीक्षा दुसऱ्याकडून करून घ्यावी. बातमी पसरली. माणसं कमी झाली.

तरी अधूनमधून कुणीतरी येई. तेव्हा भाऊ आधी खुर्ची देत आणि म्हणत, "मला आता काही कळत नाही. पण सांगा, कोणाचा हा? कुठून आला? काय काय झालं याला?" आणि ऐकत बसत. आलेली माणसं तास तास बोलत. कुणाच्या वडिलांनी जुगारात सगळं घालवलं आणि हा तेवढा ठेवला. कुणाच्या आईने त्यावर मच्छरदाणी टांगली होती. एकदा कुणीतरी गेल्यावर भाऊ म्हणाले, "बाई, इतकी वर्षं मी हे सगळं बाहेर थांबवून ठेवलं होतं." मी विचारलं, खरं असेल का हे सगळं? ते म्हणाले, "निम्मं असेल. निम्मं पण मी कधी घेतलं नव्हतं."

पुढच्या वर्षी पायाची जखम भरेना म्हणून त्यांना दवाखान्यात ठेवलं. मुलगी डहाणूहून येऊन राहिली होती. एक दिवस सिसिलिया आली, हातात केळ्यांची फणी. भाऊंच्याच वाडीजवळ विकत घेतलेली. त्या गोष्टीनंतर ती पहिल्यांदाच बोलत होती.

"विकला क्यू. त्याच मुंबईवाल्याला. म्हणाला, ज्याचा दोष आधी सांगितलाय तो घ्यायला भीती नाही वाटत. पण पैसे दिले घासलेल्याचेच."

"पत्रे?" भाऊंनी विचारलं.

"अर्धे बसले."

"आणि उरलेल्या अर्ध्यात?"

"अर्ध्यात कोंबड्या ठेवल्यात. त्यांना सांगितलंय, तक्रार असेल तर मोरेश्वरभाऊंकडे जा."

भाऊ हसले. नंतर खोकला आला. सिसिलियाने त्यांना पाणी पाजलं आणि ती स्टुलावर बसली.

शेवटच्या आठवड्यात ते बहुतेक डोळे मिटूनच असत. एका दुपारी मुलगी जेवायला गेली होती आणि मी खाटेशी बसले होते. पंखा चालू होता. शेजारच्या खाटेवरचा माणूस झोपला होता. माझ्या हातात वर्तमानपत्र होतं, पण मी वाचत नव्हते.

"बाई," भाऊ म्हणाले. डोळे मिटलेलेच. "तुम्ही माझा हात धरलाय का?"

त्यांचा हात चादरीवर पडलेला होता. मी तो धरला नव्हता.

"हो," मी म्हटलं. मग वर्तमानपत्र आवाज न करता खाली ठेवलं आणि त्यांचा हात हातात घेतला.

"बरं," भाऊ म्हणाले.