एक नर, पाच माद्या आणि भाईची टाकी

होडी पाण्यात उभी राहिली की तिच्या बुडाला कालवं धरतात. खरवडून काढा, पुन्हा धरतात. तोंडवलीच्या आमच्या भाईचे किस्से तसेच आहेत. एका रविवारी सगळे सांगून मोकळं व्हावं, तर पुढच्या रविवारपर्यंत नवे चिकटलेले!

खरवडायचं काम माझं. मी तात्या, लाँचीच्या इंजिनांचा म्हातारा मिस्त्री. शाळा सातवीला सुटली. मी तिला सोडली की तिने मला, यावर निवृत्त परब गुरुजींचं आणि माझं अजून एकमत व्हायचंय. दर रविवारी आम्ही दोघं चहाला भाईच्या होमस्टेवर. तिसरा भाई. आणि चौथी त्याची टाकी.

आता बघा, भाईच्या ओट्यावरून दगड मारला तर समुद्रात पडेल. त्या माणसाने हॉलात पलंगाएवढी काचेची टाकी आणली. तीत गाळलेलं पाणी भरलं. त्यात पाकिटातलं मीठ ढवळून समुद्र बनवायला बसला!

मी म्हटलं, "भाई, मेल्या, भायर इतको तयार आसा, तो काय नासलो?"

भाई चमचा न थांबवता म्हणाला, "तेचो काय भरवसो नाय रे. ह्यो टेस्ट केलेलो आसा!"

* * *

या टेस्ट केलेल्या समुद्रात रॅस नावाचे परदेशी मासे आले. बोटभर लांब, अंगावर सगळ्या पक्षांचे झेंडे एकदम फडकावे तसे रंग. एक नर, त्याच्या पाच माद्या आणि वेगळ्या जातीचा एक पिवळा. एकूण सात. मुलाच्या लग्नात भाईने वऱ्हाडाची ठेवली नव्हती एवढी बडदास्त या सातांची!

पण भाईची बायको सुमनवहिनी. गावची सरपंच. म्हणजे जागा महिलांसाठी राखीव, म्हणून पाटीवर नाव वहिनींचं आणि खुर्चीवर बूड भाईचं. सही वहिनींची आणि ती कुठे करायची ते दाखवणारं बोट भाईचं. पंचायतीत हे चालायचं. घरात मात्र कायदा वहिनींचा.

टाकी नेमकी तिथे, जिथे चवथीला गणपतीसमोर भजनवाले बसतात. वहिनींनी पहिल्याच दिवशी ठराव मांडला, "चवथीपर्यंत सातय जिते रवले, तर टाकी र्‍हवांदे. एक जरी गेलो, तर टाकी मागल्या दारी. मी तेच्यात बदकां सोडतंय!"

विरोधी पक्ष नव्हताच. ठराव पास.

* * *

दुकानदाराने बजावलं होतं, आधी माद्या सोडा, त्या रुळू देत, नर शेवटी. भाईला ते पटेना. "घरकर्तो मागसून कसो येतलो?" म्हणून त्याने नराला पहिला मान दिला.

नराला वाटलं, टाकीचा सातबारा आपल्याच नावावर! माद्या आल्या तशी एकेकीला कोपऱ्यात घालून झोडायला लागला. भाईचे डोळे पांढरे. शेवटी गुरुजींनी मोबाइलवर वाचून उपाय काढला. भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा टाकीतच अडकवला आणि साहेबांना आत ठेवलं. साहेब आतून बघतायत, बायका बाहेर मजेत फिरतायत, खातायत!

वहिनी चहा घेऊन आल्या, बराच वेळ बघत उभ्या राह्यल्या आणि म्हणाल्या, "हेच्यात मोठी साइज मिळता काय ओ?"

* * *

मग पिवळा गायब झाला. आला त्याच दिवशी! भाईने दगड हलवले, पंप उघडला, मांजराचं तोंड हुंगलं. वहिनींना हॉलात येऊ देईना, "फरशी ओली आसा गो, पडशीत!" दोन दिवस त्या घरात फरशी सुकलीच नाही.

मला राहवेना. मी बाजारातला एक पेडवा, तोही बोटभरच मासा, रव्यात तळला, केळीच्या पानात बांधला आणि भाईच्या हातात दिला. "भाई, तुझो पिवळो गावलो. काटे जरा जास्त आसत, पण चव बरी!"

भाई मटकन खाली बसला. मी थट्टा कबूल करणार, तेवढ्यात टाकीतली वाळू हलली आणि पिवळा जांभई देत वर आला. ती जातच वाळूत झोपणारी. विमानातून आलेला, अजून स्वतःच्या गावच्या घड्याळावर होता!

आवाज ऐकून वहिनी आत आल्या. "ह्यो मुंबैच्या भावोजींसारखो दिसता," त्या म्हणाल्या. "इलो की आदी झोपतलो, मगे जेवण सोधतलो."

पेडवा भाईनेच खाल्ला. रागाने.

* * *

गुरुजी गावच्या स्वच्छता समितीवर आहेत. प्लास्टिक दिसलं की त्यांचा हात आपोआप जातो. एकदा सकाळी फिरून येताना भाईकडे डोकावले, तर दगडाच्या फटीत एक मादी पारदर्शक पिशवीत अडकलेली!

"भाई, तुझ्याही समुद्रात प्लास्टिक!" असं ओरडत त्यांनी कोपरापर्यंत हात घातला. मादी जी उधळली ती सगळ्या टाकीला जागं करून आली.

भाई धावत आला. "गुरुजी, ती पिशवी नाय ओ! झोपताना तोंडातसून चिकट काडून ती सोताच विणता. तिची मच्छरदाणी ती!"

गुरुजी जन्मात एवढे लाजले नव्हते. तेव्हापासून टाकीजवळ जाताना खाकरून जातात.

* * *

हे मासे उडी मारतात. म्हणून टाकीवर बारीक जाळी ताणावी लागते. भाई चौकटीला जाळी शिवत बसला होता, तर शेजारचा पांडू रापणकर कुंपणापाशी थांबला.

"भाई, ह्या काय?"

"माशांवर घालूची जाळी."

पांडूने विडी काढली, पेटवली, एक झुरका मारला. "आज्यापासून आमी माशे भायर काढूक जाळी घालतो. ते भितर रवाक घालणारो तू पयलोच!"

* * *

टाकीची कीर्ती ऐकून तालुक्याचे एक पुढारी बघायला आले. केस ताजे काळे केलेले, मागे मोबाइल धरलेले कार्यकर्ते. पण डब्यातून कधीच सुटलेला नर नुसता मरगळून फिरतोय. फिका.

"हाच का तो? रंग कुठेत?" साहेबांनी विचारलं.

भाईने खिशातला आरसा काचेला लावला. नराने आपलंच थोबाड बघितलं मात्र, सगळे पर ताठ, अंग जांभळं, निळ्या रेघा, इकडून तिकडे नुसता झळकायला लागला!

"वा! हे कसं काय?"

मी म्हटलं, "साहेब, समोर दुसरो नर दिसल्याशिवाय तेका रंग चढणा नाय. निवडणूक नसली की तो असोच पडान र्‍हवता."

कार्यकर्ते हसले. मग साहेबांकडे बघून थांबले.

* * *

पुढाऱ्याला निरोप देऊन भाई पंचायतीत खुर्चीवर बसायला पळाला आणि घाईत जाळी उघडी राह्यली. दुपारी तो जेवायला आला, तर ताटाशेजारी वेगळी बशी. बशीत नर. वाळलेला.

"कपाटामागे गावलो," वहिनी म्हणाल्या. "उद्या टाकी भायर."

गुरुजींना आणि मला बोलावणं आलं. भाईचा चेहरा बशीतल्यासारखाच. "तात्या, काय तरी सांग तिका!" मी गुरुजींना पुढे ढकललं. मग भाई स्वतःच हात जोडून म्हणाला, "चवथीपर्यंत थांब गो. हेंच्यात नर गेलो की सगळ्यात मोठी मादी असता ना, तीच नर होता. टाकी परत भरतली!"

"कोणी सांगल्यान?"

"खरं आहे वहिनी," गुरुजी म्हणाले. "शास्त्रात आहे."

वहिनी पहिल्यांदाच टाकीसमोर खुर्ची ओढून बसल्या. "आणि बाकीच्यो तिचा ऐकतत?"

"ऐकतत."

"बरा. चवथीपर्यंत बगतंय."

त्या दिवसापासून वहिनींचा सकाळचा चहा टाकीसमोर. मोठीच्या पाठीवर आधी जांभळी झाक आली. मग पर लांबले. मग एक दिवस तिने बाकीच्या चौघींभोवती असा काही झोकात फेरा मारला की वहिनींचा चहा निवला.

चवथीला मुंबईहून मोठे भावोजी आले. म्हणाले, "ह्यां धूड बाजूक करा, भजन खंय बसतला?"

"टाकी हयच रवतली," वहिनी म्हणाल्या. "भजनवाले सरकान बसतले."

भाईने मला अशी मिठी मारली की माझा चष्मा वाकला!

गणपती गेले. पंचायतीच्या मासिक सभेचा दिवस. भाई इस्त्रीचा शर्ट घालून स्कूटरची चावी शोधतोय. चावी वहिनींच्या हातात. अंगावर चवथीची नवी साडी. त्यांनी भाईच्या खिशातला सरपंचाचा शिक्का काढला, आपल्या पर्समध्ये टाकला आणि पायरी उतरल्या.

"अगो, खंय चललस?"

"सभेक."

"आणि मी?"

वहिनींनी स्कूटर चालू केली.

"माशांका चारो घाला. मोठीक पयलो. ती आता थांबना नाय."